केजच्या त्या दोघांचे आभार

मागच्या रविवारी बीडहून अंबाजोगाईला परतताना केजमध्ये गाडी लावली आणि डाव्या बाजूची दोन्ही अलॉय व्हील रस्त्याकडेच्या कट्ट्याला चांगलीच घासली. चूक माझीच, लक्ष चहाच्या टपरीकडे होतं.

शेजारच्या टायरवाल्या दादांनी न बोलावता येऊन रिमच्या कडेवरून बोट फिरवलं. "ओरखडेच हायेत काका, तडा न्हाई. तडा असता तर लांबी (पुट्टी) भरून झाकायचं न्हाई, चाकच बदलायचं." नुसत्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता त्यांनी दोन्ही चाकं खोलून आतूनही पाहिली. पैसे? "राहू द्या."

तिथंच बसलेल्या पेंटर मामांनी बाकीचं शिकवलं. आधी चाक धुऊन थिनरनं पुसायचं, नाहीतर ब्रेकच्या काळ्या धुळीवर रंग धरत नाही. मग पॉलिश पेपर, 240 नंबरपासून 400 आणि शेवटी 800 ओला. लांबी पातळ लावायची. टायर झाकायला रिमच्या फटीत पत्ते खोचायचे! (आमच्या घरच्या कॅटातली बावन्न पानं त्यात गेली, सौ. अजून बोलत नाही.) प्रायमर (रंगाखालचा थर), सिल्व्हर रंग, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर), सगळे हलके हात, मध्ये वाळू द्यायचं.

मी घाई केली आणि एका चाकावर रंगाचा ओघळ आला. फोनवर मामा हसले, म्हणाले, "वाळू द्या, मग घासा."

दोघांची नावंही विचारली नाहीत मी. पुढच्या खेपेला येतो, चहा माझ्याकडून.