लघुपटाच्या सेटवर प्रकाशाला वेळ आणि माणूस द्या

महोदय,

स्वतंत्र लघुपटांच्या सेटवर मी दिवे सांभाळतो. कॅमेरा भारीतला भाड्याने आणतात, प्रकाशासाठी मात्र माणूस एकच. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप), तर टंगस्टन तारेचा पिवळसर दिवा ३२००चा. दोन्ही एका चौकटीत आले की चेहरा एका बाजूने निळसर, दुसऱ्या बाजूने पिवळा दिसतो. दिव्याचा रंग जुळवणारा पारदर्शक रंगीत कागद, म्हणजे जेल, लावायला दहा मिनिटे मागितली, तर ‘एडिटमध्ये बघू’ असे उत्तर मिळते. चेहऱ्यावर मिसळलेले असे दोन रंग नंतर सहजासहजी सुटे होत नाहीत, हे दिग्दर्शकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. उंच स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच. एका चित्रीकरणात ती नव्हती. वाऱ्याने स्टँड कलंडला आणि तापलेल्या दिव्याने माझ्या सहकाऱ्याचा हात भाजला. त्याचा तो पहिलाच सेट होता. दोन-दोन किलोवॉटचे दिवे साध्या एक्स्टेंशन बोर्डवर जोडायला सांगणेही थांबले पाहिजे. वायर तापून आग लागू शकते. निर्मात्यांनी वाळूच्या पिशव्या, जाड केबल, हातमोजे आणि किमान एक मदतनीस एवढा खर्च आधी धरावा, लेन्स त्यानंतर निवडावी.

– एक प्रकाश तंत्रज्ञ