आबा, चांदणी आता लगाम घेते

आबा, नमस्कार. तुम्ही मोबाईल वापरत नाही तरी इथे लिहितोय, नातू वाचून दाखवेलच, आणि तुम्ही काय केलंत ते बाकीच्यांनाही कळू दे.

सारंगखेड्याच्या यात्रेत ही मारवाडी घोडी घेतली तेव्हा मी बघितले फक्त तिचे आत वळलेले कान आणि रेवाल चाल (पाठीवर धक्के न बसणारी), विकणारा म्हणाला थोडी गरम आहे एवढंच. घरी आल्यावर महिनाभरात दोनदा मागच्या पायांवर उभी राहिली, दुसऱ्यांदा मी पाठीवर होतो, मनगट मोडलं. सगळे म्हणाले खोडीची आहे, विकून टाक, नाहीतर कडक लगाम घाल. मी काटेरी लगाम घातला आबा, त्याचं अजून वाईट वाटतं. 1965 च्या सरकारी नियमात त्याला बंदी आहे हे पण नंतर कळलं.

तुम्ही आलात आणि तिच्यावर बसलाच नाहीत. आधी तो लगाम काढून माझ्या हातात दिलात, म्हणालात, "तुझ्या तोंडात धरून बघ." मग डॉक्टर बोलावून दाढा बघायला लावल्या. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, कडा धारदार होतात, तिच्या गालात आतून जखमा होत्या आणि मी वरून लगाम खेचत होतो. दाढा घासून घेतल्या, जखमा भरेपर्यंत नुसती दोरी.

त्या दोरीवर मी जे शिकलो ते कुठेच शिकलो नसतो. हलका ताण द्यायचा, तिने अर्धं पाऊल टाकलं की त्याच क्षणी ढील, ढिलीनेच तिला कळतं की हेच हवं होतं. तेव्हा तुम्ही विचारलंत, ती उभी राहिली की तू काय करतोस? उतरतो, म्हटलं. "मग उभं राहिलं की सुट्टी, हे तूच शिकवलंस ना तिला." त्या रात्री झोप लागली नाही आबा. तुम्ही रागावला नाहीत, दुसऱ्या दिवशी पहाटे परत आलात, खरारा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात खांद्याकडून जा, अगदी समोरचं तिला दिसत नाही.

परवा तिला पहिल्यांदा तापीच्या पुलावर नेली. शेजारून ट्रक गेला, थरथरली, पण चारी पाय जमिनीवर. मी उतरलो नाही, एक पाऊल टाकलं तशी ढील दिली, पूल पार झाला.

दत्तजयंतीला या आबा. खोगीर तयार ठेवतो, यावेळी तुम्ही बसा.