गोष्टीतलं खेळणं की गोष्टीतली जाहिरात?

संपादक साहेब, नमस्कार.

लहान मुलांच्या जाहिरातींवर पेपरात अधूनमधून येतं, कोल्ड्रिंक, चॉकलेट, ऑनलाइन गेम वगैरे, पण एक गोष्ट नेहमी राहून जाते म्हणून लिहितोय. कार्टूनच्या आतच जे खेळणं दाखवतात त्याचं काय?

ब्लूई ही 2018 मध्ये सुरू झालेली ऑस्ट्रेलियन कार्टून सिरीज (ब्लूई म्हणजे त्यातलं कुत्र्याचं पिल्लू) बऱ्याच घरांत बघतात, मलाही ती मनापासून आवडते. त्यात चॅटरमॅक्स नावाचं एक खेळणं आहे. मोठ्ठे डोळे, आणि एकदा सुरू झालं की बडबड थांबतच नाही. आईबाबांचं डोकं उठवणारं खेळणं कसं असतं ते दाखवायला लिहिणाऱ्यांनी ते मनानेच तयार केलं, त्यातला बाबा वैतागतो आणि आपल्याला पटतं, अगदी असंच होतं. इथपर्यंत झकास. पण नंतर तेच चॅटरमॅक्स खरंखुरं बनवून विकायला आलं! मोठ्यांना त्यातली गंमत कळते, पाच वर्षांच्या पोराला काय कळणार, त्याला एवढंच दिसतं की ब्लूईकडे आहे आणि माझ्याकडे नाही. कधी शेजारी बसून बघा, एपिसोड संपायच्या आत प्रश्न येतो, "हे खरं मिळतं का?" आणि "नाही रे, ते गोष्टीतलं आहे" असं आता सांगताच येत नाही.

ब्लूईची बाहुली विकली तर माझी काहीच हरकत नाही, कार्टून बनवायला पैसा लागतो. पण गोष्टीतल्या मुलांकडेच एखादं नाव असलेलं खेळणं आहे, ती त्याच्यासाठी भांडतायत, हट्ट करतायत, आणि तेच बाहेर विकायलाही आहे, हे वेगळं आहे. इथे हट्ट कसा करायचा तेसुद्धा गोष्टच शिकवते.

हे आजचं नाही. 1969 मध्ये अमेरिकेत हॉट व्हील्स गाड्यांवर कार्टून आलं तेव्हा एफसीसीकडे, म्हणजे तिथल्या टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार गेली होती की हा कार्यक्रम नाहीच, जाहिरात आहे. पुढे 80 च्या दशकात नियम ढिले झाले आणि हीमॅनची खेळणी 1982 ला, कार्टून 1983 ला, म्हणजे आधी माल मग गोष्ट. मग 1990 चा कायदा आला, मुलांच्या कार्यक्रमात तासाला जाहिराती शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं आणि बाकी दिवशी 12 मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. कार्यक्रमातल्याच खेळण्याची जाहिरात त्याच कार्यक्रमाच्या ब्रेकमध्ये लावली तर अख्खा कार्यक्रम जाहिरात धरतात. छान नियम आहे, पण खेळणं ब्रेकमध्ये नाही तर गोष्टीतच फिरत असेल तर ती मिनिटं कोणी मोजतच नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीने 2004 मध्येच सांगितलंय की 8 वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू ओळखता येत नाही. सरळ दाखवलेली जाहिरात कळत नाही तर ही कुठून कळणार?

माझं मागणं साधं आहे. सिरीज सुरू होतानाच स्क्रीनवर स्पष्ट लिहा की यातली खेळणी विकत मिळतात, मुलांना नाही तरी पालकांना कळेल. आणि तुमच्या पेपरात नव्या कार्टूनबद्दल लिहाल तेव्हा प्लीज एक ओळ याची पण टाका, खेळणं आधी आलं की गोष्ट आधी आली.

आपला,
एक वाचक आणि पालक