मुरकूट गाळायचे आणि उंट गिळायचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत यंत्रांची धुलाई सुरू होते. खंडेनवमीला ज्याचे मशीन त्याने हळद-कुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, ही रीत. खात्यात एखादा ख्रिस्ती ऑपरेटर असतो आणि दरवर्षी त्याची पंचाईत होते. मग तो त्या दिवशी आजारपणाची रजा टाकतो. खरे कारण साहेबांना कळतेच. खोटे बोलल्याचा ठपका येतो आणि हा आमच्या देवाला कमी लेखतो, असा समजही पसरतो.

बायबलमधल्या दानीएलापुढे बाबेलच्या राजवाड्यात असाच पेच होता. राजाच्या ताटातले अन्न त्याला चालणार नव्हते. त्याने अधिकाऱ्याला आधी गाठले, विनंती केली आणि दहा दिवस शाकान्न व पाणी देऊन पाहा, मग तुम्हीच ठरवा, असे सुचवले. कारखान्यातही हेच चालते. पंधरा दिवस आधी सुपरवायझरला एकटे गाठून सांगावे की मशीन मी धुतो, कूलंटची टाकी उपसून साफ करतो, चिप काढतो, तेल-ग्रीस करतो. हळद-कुंकू आणि नारळ तेवढे दुसऱ्या कुणाला करू द्या. पूजेच्या वेळी मी हजर राहीन, मागे शांत उभा असेन. जड काम स्वतःहून अंगावर घेतलेल्या माणसाला सहसा कोणी अडवत नाही. आदल्या दिवशी सांगितले तर मात्र तोच सुपरवायझर चिडतो, कारण तोवर कामाची वाटणी झालेली असते.

प्रसादाबद्दल प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेले आजही तंतोतंत लागू पडते. कोणी जेवायला बोलावले तर पानात पडेल ते चौकशी न करता खावे. पण हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नये. कंपनीने बोनसबरोबर दिलेल्या पेढ्यांच्या पुड्याला हे लागू नाही. यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशा मतभेदांसाठीच आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. मालकाला अंबाबाईच्या दर्शनाला नेणाऱ्या ख्रिस्ती ड्रायव्हरने तर बायबलमधल्या नामान सेनापतीची गोष्ट वाचावी. राजाचा हात धरून रिम्मोनाच्या देवळात जावे लागेल, तिथे वाकावे लागेल, असे त्याने अलीशा संदेष्ट्याला आधीच सांगितले, आणि अलीशाने त्याला शांतीने निरोप दिला.

रविवारचेही गणित असते. आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळते, ती रविवारीच मिळेल असे नाही. सात ते तीनच्या पाळीत सकाळची उपासना बुडते, तीन ते अकराच्या पाळीत बुडत नाही. म्हणून रविवारची दुसरी पाळी मागून घ्यावी आणि बदल्यात दिवाळी, गणपती विसर्जन, जोतिबाची चैत्र यात्रा या दिवशी काम करण्याची तयारी लेखी द्यावी. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) चंद्रावर ठरतो, त्यामुळे तो अनेकदा मार्चअखेरीत सापडतो. 2024 मध्ये तो 29 मार्चला होता, 2027 मध्ये 26 मार्चला आहे. सरकारी सुट्टी असली तरी हिशेबाच्या कार्यालयांत त्या दिवशी बोलावणे येते, आणि येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना दुपारी बारा ते तीन चालते. नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की जानेवारीतच अर्ज द्यावा आणि बदल्यात रंगपंचमीला काम करू म्हणावे. 2024 मध्ये रंगपंचमी नेमकी दुसऱ्याच दिवशी, 30 मार्चला होती.

शाळेबाबत इतकेच. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलासाठी पालकांची संमती लागते, असे राज्यघटनेचे कलम 28(3) सांगते. जूनमध्ये मुख्याध्यापकांना दोन ओळींचे पत्र पुरते. हेच कलम ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतल्या हिंदू आणि मुस्लिम मुलांचेही रक्षण करते, याची आमच्या लोकांनी आठवण ठेवावी.

एवढे सगळे लिहिले, तरी येशूच्या शब्दांत सांगायचे तर हे मुरकूट, म्हणजे चिलट, गाळणे झाले. उंट पुढेच आहे. नारळ फोडावा की नाही यावर मंडळीत तासभर चर्चा होते, आणि त्याच मंडळीतला सभासद फ्लॅट घेताना पिशवीतून रोकड देतो तेव्हा कोणी हूं की चूं करत नाही. 'सगळेच करतात' हा आजच्या काळाचा खरा धर्म आहे आणि त्याच्यापुढे आपण फार सहज वाकतो.

जुन्या फ्लॅटचा व्यवहार पाहा. भाव 40 लाख, त्यातले 30 चेकने आणि 10 रोख, अशी मागणी असते. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यावर 1 जून 2015 पासून बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. विकणारा हट्ट का धरतो? दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या घरावरच्या नफ्याला साडेबारा टक्के कर धरला तर 10 लाखांवर सव्वा लाख आणि वर थोडा उपकर होतो. म्हणजे भांडण 10 लाखांचे नसून सव्वा लाखाच्या आसपासचे असते. तो नफा विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत दुसरे घर विकत घेण्यात, अथवा तीन वर्षांत बांधण्यात गुंतवला तर तोही कर वाचू शकतो; अनेक विक्रेत्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते. घेणाऱ्याचे नुकसान तर उघड आहे. बँक कर्ज कराराच्या रकमेवर देते, त्यामुळे रोकड स्वतःच्या बचतीतून जाते. व्यवहार मोडला तर 10 लाखांचा पुरावा नसतो. आणि उद्या आपण तेच घर विकताना खरेदी 30 लाखांची दिसते, म्हणजे त्याचा कर आपल्या गळ्यात पडतो.

म्हणून पहिल्या भेटीत, इसार देण्यापूर्वी, सांगून टाकावे: सगळी रक्कम चेकने. फार ताणले तर कराचा काही भाग भाव वाढवून आपण उचलावा, तोही चेकने. मुद्रांक शुल्क वाढेल, काही घरे हातची जातील. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने सांगितले ते अशाच वेळेसाठी. इसार दिल्यावर विवेक जागा झाला तर इसारही जातो आणि माणूस शेवटी रोकड देऊन मोकळा होतो.

याहून अवघड गोष्ट लिहिताना हात जड होतो. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंनाच होता; 1956 मध्ये सर्व शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामुळे कित्येक घरांत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक धर्म आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा असतो. जात पडताळणीच्या वेळी दाखला, लग्नाची नोंद, नोंदवही यांचा मेळ बसला नाही की मुलाचा प्रवेश किंवा नोकरी धोक्यात येते. गरीब बापाला आम्ही दोष देत नाही. ज्या शहरात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, त्या शहरातून हा आदेश बदलण्याची मागणी उघडपणे व्हायला हवी. धर्म बदलला म्हणून गावकुसाबाहेरचे घर गावात येत नाही.

पण आदेश बदलेपर्यंत काय? पाळकांनी बाप्तिस्म्यापूर्वी कुटुंबासमोर बसून सगळे स्पष्ट सांगावे: अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि निवडणुकीतला राखीव मतदारसंघ जाईल, अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचा दाखला मिळू शकतो, त्यासाठी नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागेल. मंडळीची संख्या वाढावी म्हणून हे दडवणाऱ्या पाळकाने त्या कुटुंबाला फसवले, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि मुलाकडून खरे लिहिण्याची अपेक्षा ठेवणाऱ्या मंडळीने त्याच्या फीतला फरक स्वतः भरावा. 60 घरांच्या मंडळीत दशांशाखेरीज (उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला देतात त्याखेरीज) घरटी महिना 200 रुपये जमले तर वर्षाला 1 लाख 44 हजार होतात. या पैशाचे खाते वेगळे असावे, दोघांच्या सह्यांनी चालावे, आणि मदत मागणाऱ्या कुटुंबाचे नाव उपासनेत वाचले जाऊ नये. जून उजाडण्यापूर्वी यादी तयार हवी. चेक कॉलेजच्या नावाने काढावा आणि पावती मुलाच्या हातात द्यावी.

आपले,
काही ख्रिस्ती वाचक, कोल्हापूर