ब्रेक नसलेली गाडी

ती. आई, ती. बाबा,
सा. न.

बाबा, समुद्रकिनाऱ्यावर पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीच्या आठवड्याचं सांगितल्यावर तुमचा पहिलाच प्रश्न होता, "या गाडीला ब्रेक कुठे असतो?" नसतो. फोनवर एवढंच सांगितलं असतं तर आईला रात्रभर झोप लागली नसती, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी अगदी साधी. तीन चाकं, लोखंडी सांगाडा, मागे आडवा आस, मधे जमिनीपासून वीतभर उंचीवर ताणून बसवलेली कापडी बैठक. पुढचं चाक पायांनी वळवायचं, कारण हात पतंगात गुंतलेले असतात. १८२६ साली ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तरांनी पतंगाने ओढायच्या बिनघोड्याच्या बग्गीचं पेटंट घेतलं होतं. आजची तीनचाकी न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास रूढ केली. म्हणजे हे खूळ आमच्या पिढीने काढलेलं नाही.

पतंगात कागद नाही, कामटी नाही. नायलॉनच्या कापडाचे शिवलेले कप्पे वाऱ्याने फुगतात आणि पंखाचा आकार घेतात. दोऱ्या चार, प्रत्येकी २० ते २५ मीटर. दोन जाड दोऱ्या ओढीच्या आणि दोन बारीक दोऱ्या ब्रेकच्या. हो, ब्रेक आहे, पण तो पतंगाला. ढील द्यायची सोय नाही, दोरीची लांबी ठरलेली. ओढ हातांवर न येता कमरेच्या हार्नेसवर, म्हणजे रुंद पट्ट्यावर, येते. महत्त्वाची गोष्ट अशी की पतंग गाडीला नाही, माणसाला जोडलेला असतो. माणूस बैठकीतून उचलला गेला तर गाडी मागे राहते आणि पतंग त्याला वाळूतून फरफटत नेतो.

आता थांबणं. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की पतंग बरोबर समोर असताना सर्वात जास्त ओढतो. कडेला नेला की ओढ उतरते. म्हणून थांबताना पतंग कडेला न्यायचा आणि त्याच वेळी पुढचं चाक हळूहळू वाऱ्याच्या तोंडाकडे वळवायचं. चाकं वाळूत घासतात, वेग मरतो. नवखा माणूस घाबरून पतंग थेट डोक्यावर घेतो. उभं असताना ती जागा निवांत, पण वेगात असताना तोच पतंग वर उचलतो. शेवटचा उपाय म्हणजे हार्नेसची सुटका-कळ ओढून दोन्ही हँडल सोडून देणं. मनगटाचे पट्टे ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेले असतात, त्यामुळे जाड दोऱ्या सैल पडतात आणि पतंग उलटा फडफडत खाली येतो. ही कळ बारीक वाळूने अडकते. म्हणून रोज सकाळी ती ताण देऊनच तपासायची. हातात धरून नुसती टकटक वाजवून पाहणं म्हणजे मनाची समजूत.

वेगापेक्षा धोक्याचा असतो मोठा पतंग लावायचा मोह. ओढ वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वारा ताशी २० किलोमीटरवरून २८ वर गेला की ओढ जवळजवळ दुप्पट. त्यात गाडी पळू लागली की तिच्या वेगाचा वारा वेगळा. त्यामुळे सोबत चार-पाच मापांचे पतंग असतात, साधारण २ ते १० चौरस मीटर. माप ठरवताना सरासरी वारा नव्हे, झोताचा आकडा पाहायचा. गुणांची पद्धतही शहाण्यालाच साथ देते. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, आणि बेरीज ज्याची कमी तो वर. फेरी अर्धवट सुटली तर शेवटच्या गाडीपेक्षाही जास्त गुण चिकटतात. लहान पतंग लावून प्रत्येक फेरी पुरी करणारा शनिवारी पुढे दिसतो तो यामुळे.

आणि आठवड्याचा खरा मालक म्हणजे समुद्र. दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर ओहोटी रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत फरक कमी; भांगाकडे, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांकडे, जाताना जास्त. सोमवारी पाणी सकाळी ९ ला तळाला असेल तर शनिवारी दुपारी १ च्या पुढे. पूर्ण ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास, एवढीच शर्यतीची मुभा. भरतीचे मधले दोन तास फसवे, कारण एकूण चढावापैकी निम्मं पाणी तेवढ्यात चढतं. शिवाय सोमवारी उधाण असेल तर शनिवारी ओहोटी भांगाकडे झुकलेली, म्हणजे पाणी कमी मागे जातं आणि पट्टा अरुंद होतो.

सकाळी वारा बहुधा मंद, दुपारी समुद्रावरून येणारा तापलेल्या जमिनीमुळे जोरात. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला मोठे पतंग आणि शेवटी लहान, असा क्रम पुष्कळदा आपोआप जमतो. वारा समुद्राकडून सरळ जमिनीवर येत असेल तर किनाऱ्याच्या लांबीने जाता-येता तो बाजूने मिळतो आणि गाड्या सुसाट पळतात. वारा किनाऱ्याच्या लांबीनेच वाहत असेल तर त्याच्या तोंडावर नागमोडी जावं लागतं, आणि त्यासाठी रुंद पट्टा हवा. जमिनीकडून येणारा वारा सर्वात वाईट: टेकाडांवरून धक्के देत येतो, आणि सुटलेला पतंग थेट पाण्यात जातो.

वाळू नुकतीच उघडी पडलेली असते तेव्हा घट्ट; सुकली की चाक रुततं. मग टायरमधली थोडी हवा काढायची, म्हणजे तो पसरतो. पाणी साठलेल्या पन्हळी लांबून नुसत्या चकाकीसारख्या दिसतात. वेगात पुढचं चाक तीत गेलं की गाडी जागच्या जागी थांबते, माणूस थांबत नाही. शर्यतीआधी पूर्ण मार्ग पायी फिरायचा तो याच्यासाठी.

ओलांडण्याचा नियम एकच, पण मोडायचा नाही. वारा ज्याच्याकडे आधी येतो त्याने पतंग वर घ्यायचा, दुसऱ्याने खाली. वरच्याच्या दोऱ्या दुसऱ्याच्या डोक्यावरून जातात. ताणलेल्या दोऱ्या एकमेकींवर घासल्या तर त्या उष्णतेनेच वितळून तुटतात. दोऱ्या डायनीमा नावाच्या प्लास्टिकच्या धाग्याच्या असतात, आणि ते १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं.

बुधवार-गुरुवारी एक तक्रार हमखास ऐकू येते: "वाऱ्यात दम नाही." बहुतेकदा दोष दोऱ्यांचा असतो. ओढीच्या दोऱ्या भाराने दोन-तीन सेंटिमीटर लांबतात, ब्रेकच्या तशाच राहतात. मग ब्रेक कायम लागल्यासारखा होतो, पतंग मंद उडतो, मागे रेंगाळतो आणि झोत आला की मागच्या मागे बसतो. उपाय दहा मिनिटांचा. चारही दोऱ्यांची टोकं वाळूत रोवलेल्या खुंटीला अडकवायची, दुसरी टोकं सारखा ताण देऊन जुळवायची आणि हँडलपाशी जोडदोरीची गाठ एक घर सरकवायची. पतंग उडत असताना ब्रेकच्या दोऱ्यांना हलकासा झोळ दिसला की जमलं.

संध्याकाळी गोड्या पाण्याने चाकं धुवायची, पण जोरदार फवारा बेअरिंगवर नको. तो सीलमधून मीठ आत ढकलतो. पतंगाच्या टोकाचा चिकटपट्टीचा कप्पा उघडून वाळू झटकायची आणि पतंग सावलीत वाळवूनच गुंडाळायचा.

आई, हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, हातमोजे, डोळ्यांना गॉगल, हे सगळं यादीत आहे. फोन मात्र गाडीवर नेत नाहीत. तेव्हा सोमवारी सकाळी साडेसहा ते साडेअकरा तो लागणार नाही, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तास पुढे सरकेल. शनिवारी साधारण पावणेअकरा ते पावणेचार. एवढं कॅलेंडरवर लिहून ठेव.

तुमची,
लेक