ई-मेल पत्ता माणसाचा नको, खुर्चीचा हवा

संपादक महोदय,

सावदा (ता. रावेर) परिसरातल्या एका केळी उत्पादक संस्थेचं संगणकाचं काम मी बघतो, मेल सर्व्हरही माझ्याकडेच. मे महिन्यातल्या वादळात एका सभासदाची कापणीला आलेली केळी आडवी झाली. त्याने बांधावरूनच फोटो काढून संस्थेच्या लेटरहेडवरच्या पत्त्यावर मेल केला. तो पत्ता सचिवांच्या नावाचा, आणि सचिव मार्चअखेर निवृत्त झालेले. खातं सुरू होतं, पण उघडणारं कोणी नव्हतं. एकोणीस दिवसांनी तो ऑफिसात आला. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "भाऊ, हे बघा, मेल तर गेलाय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते खातं वळवून ठेवणं माझं काम होतं.

त्याच संध्याकाळी 'सचिव' नावाचा पत्ता केला. आमच्याकडे पोस्टफिक्स हे मेल सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात एलिअसेस नावाची एक फाइल असते, कोणत्या पत्त्याचा मेल कोणत्या खात्यात टाकायचा याची यादी. डावीकडे 'सचिव', मध्ये दोन टिंबं, उजवीकडे सध्या ज्यांच्याकडे कारभार आहे त्यांचं खातं. स्वल्पविराम देऊन दुसरं खातंही जोडता येतं, म्हणजे एक जण रजेवर असला तरी मेल पडून राहत नाही. फाइल सेव्ह केल्यावर 'न्यूएलिअसेस' ही कमांड मात्र द्यावीच लागते. नाहीतर सर्व्हर जुनीच यादी वाचत बसतो.

नव्या सचिवांना मेल जीमेलवर हवे होते. तिथे वेगळीच अडचण आली. बँकेचा मेल आमच्या सर्व्हरवरून पुढे गेला की जीमेल बँकेच्या डोमेनची (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) एसपीएफ नोंद तपासतं, म्हणजे त्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी. त्यात आमच्या सर्व्हरचा पत्ता कसा असणार? काही मेल स्पॅममध्ये पडले, काही परत आले. एसआरएस ही पुढे जाणाऱ्या मेलचा परतीचा पत्ता बदलणारी सोय बसवून तो पत्ता आमच्या डोमेनचा केल्यावर तपासणी आमच्याच नोंदीवर होऊ लागली आणि फरक पडला. तरी माझं मत विचाराल तर मेल संस्थेच्या खात्यातच वाचावा. संस्थेची कागदपत्रं कोणाच्या खासगी खात्यात का राहावीत?

खान्देशातल्या सोसायट्या, शाळा, ग्रामपंचायती, सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चार्ज देताना किल्ल्या, शिक्के, दप्तर यांची यादी होते, त्यावर दोघांच्या सह्या होतात. त्या यादीत आणखी एक ओळ घाला: कार्यालयाचा ई-मेल आजपासून कोणाकडे वळवला.

आपला,
एक वाचक, सावदा (जि. जळगाव)