अर्ध्यावर सुटलेल्या अर्जांचीही मोजणी व्हावी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक सेवांची ॲप किती जणांनी डाउनलोड केली याचे आकडे वरचेवर छापून येतात; परंतु ती उघडणाऱ्यांपैकी किती जणांचे काम तडीस गेले, हे क्वचितच विचारले जाते. गेली अकरा वर्षे मी नागपुरातच ॲपच्या वापराच्या नोंदी तपासण्याचे काम करीत आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या व्यवसायात या तपासणीला ‘फनेल ॲनालिसिस’ म्हणतात. फनेल म्हणजे नरसाळे. मोबाइल क्रमांक देणे, ओटीपी टाकणे, माहिती भरणे, कागदपत्रे जोडणे, शुल्क भरणे अशा पायऱ्या क्रमाने मांडायच्या आणि प्रत्येक पायरी किती जणांनी ओलांडली ते लिहायचे, एवढीच ही रीत आहे. तिच्यातून दिसणारे चित्र मात्र अस्वस्थ करणारे असते. प्रत्येक पायरीवर शंभरातले ऐंशी जण पुढे सरकले, तर कोणतीच पायरी विशेष वाईट वाटत नाही. तरीही हजार जणांपैकी ८००, ६४०, ५१२, सुमारे ४१० असे घटत पाचव्या पायरीअखेर जेमतेम ३२८ जण उरतात.

मागच्या उन्हाळ्यात माझी आई एका दाखल्यासाठी अर्ज भरीत असताना छायाचित्र जोडण्याच्या पायरीवर अडकली. मोबाइलने काढलेले छायाचित्र दोन एमबींहून मोठे, मर्यादा मात्र ५० केबींची, आणि चूक सांगणारा संदेश इंग्रजीत व तोही ‘फाइल अवैध’ एवढाच. दोन दिवसांत तीनदा प्रयत्न करून ती अखेर भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून सेतू केंद्रात गेली आणि पैसे देऊन तोच अर्ज भरून आली. दाखला देणाऱ्या कार्यालयाच्या दप्तरी हा एक यशस्वी ऑनलाइन अर्ज आहे. ॲपच्या नोंदी नीट ठेवल्या नसतील, तर तिचे तीन प्रयत्न तीन निरनिराळ्या माणसांचेही ठरले असतील. म्हणूनच मोजणी प्रयत्नांची न करता माणसांची करावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी परतणाऱ्याला किती दिवसांपर्यंत त्याच अर्जात धरायचे, हेही आधी ठरवावे लागते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे सेवा देण्यास कालमर्यादा आली, ही मोठी गोष्ट आहे. परंतु ती मुदत परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. ज्याचा अर्ज छायाचित्रापाशीच अडला, त्याच्यासाठी ती मुदत सुरूच होत नाही. त्याला नकार मिळत नाही, म्हणून अपीलही करता येत नाही, आणि कोणत्याही नोंदवहीत त्याचे अस्तित्व उरत नाही. त्याची खूण राहू शकते ती केवळ या पायरीनिहाय मोजणीत.

ही मोजणी सरसकट सरासरीने करून भागत नाही. मराठी पडद्यावरून आलेले आणि इंग्रजी पडद्यावरून आलेले, जुना फोन वापरणारे आणि नवा वापरणारे, असे गट वेगळे पाहिले की धरमपेठेसारख्या सुखवस्तू वस्तीत सुरळीत चालणारे ॲप हिंगणा मार्गावरच्या कामगाराच्या हातात कुठे थांबते, ते उमगू लागते. शिवाय माणूस कुठे थांबला एवढेच आकडे सांगतात. का थांबला हे समजण्यासाठी चार-पाच नागरिकांच्या शेजारी बसून त्यांना अर्ज भरताना पाहावेच लागते. माझ्या अनुभवात हे दुसरे काम नेहमी टाळले जाते आणि त्याऐवजी पडद्याचे रंग बदलले जातात.

यासाठी नागरिकाचे नाव किंवा आधार क्रमांक जमवण्याची गरज नाही. प्रत्येक अर्जदाराला एक सांकेतिक क्रमांक, प्रत्येक पायरीची वेळ, पडद्याची भाषा आणि फोनचा प्रकार, एवढ्या नोंदीवर या मोजणीचा तक्ता तयार होतो. शहरातील सर्व सार्वजनिक कार्यालयांनी ॲप तयार करून घेतानाच करारात ही अट घालावी आणि दर महिन्याला पायरीनिहाय संख्या आपल्या संकेतस्थळावर द्यावी. आपल्या वार्ताहरांनीही यापुढे डाउनलोडचा आकडा छापण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांकडे हा तक्ता मागावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर